तलाठी रंगेहाथ पकडला, आता माझ्या साक्षीने काय फरक पडणार? सरकारी बाजूने केसेस चालवलेल्या वकिलाचं उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असं की वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्यानं ८ हजार मागितले, तुम्ही २ हजार दिले, उरलेल्या ६ हजारांच्या वेळी मात्र डोकं फिरलं आणि तुम्ही अँटीकरप्शनला गेलात, सापळा लागला, तलाठी सापडला. आज तीन वर्षांनी तो दुसऱ्या तालुक्यात ऑफिसात बसतोय, तुम्हाला साक्षीचं समन्स आलंय आणि गावातली दोन वजनदार माणसं रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन 'मिटवून टाका' म्हणतायत. आणि तुम्ही विचारताय की रंगेहाथ पकडलाय, रेकॉर्डिंग आहे, मग मी कोर्टात जरा गोलगोल बोललो तरी शिक्षा होणारच ना?

नाही होणार. म्हणजे होऊ शकते, पण 'होणारच' हे डोक्यातून काढून टाका.

मी बारा वर्षं विशेष न्यायालयात सरकारी बाजूने उभी राहिलेय आणि गेली पाच वर्षं खाजगी प्रॅक्टिस करतेय, त्यात दोन-तीन वेळा आरोपीच्या बाजूनेही लाचेच्या केसेस लढलेय, त्यामुळे समोरचा वकील तुमच्या केसमध्ये कुठे बोट घालणार हे मला बऱ्यापैकी माहीत आहे. तुमची कागदपत्रं मी बघितलेली नाहीत, त्यामुळे जिथे कागदावर अवलंबून आहे तिथे तसं सांगते.

लोकांचा समज असा असतो की नोटा खिशात सापडल्या, हाताला पावडर लागली, खेळ खल्लास. आपल्याकडे बहुतेक सापळ्यांत अँथ्रासिन पावडर वापरतात, ती साध्या उजेडात दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली की निळसर चमकते. (काही राज्यांत फिनॉल्फ्थॅलीन लावतात, सोड्याच्या पाण्यात हात बुडवला की पाणी गुलाबी होतं. तिकडे रंगेहाथ शब्द शोभतो तरी, इकडे हात रंगतबिंगत काही नाहीत.) तर ती चमक एवढंच सांगते की या माणसाने या नोटांना हात लावला. का लावला हे सांगत नाही. तो म्हणेल उसने दिलेले परत घेतले, तो म्हणेल शेतसाऱ्याची थकबाकी होती पावती नंतर देणार होतो, तो म्हणेल यानेच जबरदस्तीने खिशात कोंबले. शेतसाऱ्याचा बचाव तर तलाठ्यांच्या केसमध्ये इतका ठरलेला आहे की मी उलटतपासणी सुरू व्हायच्या आधीच सातबाऱ्याचा नंबर काढून ठेवायचे.

खरा प्रश्न नोटांचा नाहीच, मागणीचा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चं कलम ७, त्यात किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं शिक्षा आणि दंड. सुप्रीम कोर्टाने बी. जयराज केसमध्ये २०१४ ला स्पष्ट सांगितलं की नुसती नोटांची जप्ती पुरेशी नाही, मागणी सिद्ध झाली पाहिजे. मागणी सिद्ध झाली आणि त्यानुसार पैसे घेतले हेही सिद्ध झालं की मग कलम २० लागतं, म्हणजे कोर्ट गृहीत धरतं की हे पैसे कामासाठीच घेतले आणि तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर जाते. पण त्या पायरीपर्यंत पोचायला आधी मागणी लागते, आणि पहिली मागणी झाली तेव्हा खोलीत कोण होतं? तुम्ही आणि तो. तिसरं कुणी नव्हतं. म्हणून तुम्ही गोलगोल बोललात की केसचा पायाच हलतो.

आता गावातल्या कुणीतरी वकिलाने तुम्हाला सांगितलं असेल की आता नवीन निकाल आलाय, तक्रारदार फितूर झाला तरी शिक्षा होते. अर्धं खरं आहे. १५ डिसेंबर २०२२ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नीरज दत्ता केसमध्ये सांगितलं की तक्रारदार मेला, सापडला नाही किंवा उलटला म्हणून केस आपोआप संपत नाही, दुसऱ्या साक्षीदारांवरून किंवा परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते. पण मागणी सिद्ध करायलाच हवी ही अट तशीच आहे. आणि गंमत बघा, त्याच केसमध्ये, वीज मीटरसाठी लाच घेतल्याचा आरोप होता, तक्रारदार साक्ष द्यायच्या आधीच वारला होता, घटनापीठाने कायदा सांगून प्रकरण परत छोट्या पीठाकडे पाठवलं आणि मार्च २०२३ मध्ये त्या पीठाने आरोपीला सोडलं, कारण मागणीचा पुरावा उरलाच नव्हता. ज्या केसच्या नावाने लोक तुम्हाला निश्चिंत राहायला सांगतात त्या केसचा शेवट हा आहे.

मग तुमच्याशिवाय सरकारी पक्षाकडे काय असतं? एक म्हणजे पडताळणी. तुम्ही तक्रार दिल्यावर लगेच सापळा लावला नसणार, आधी तुमच्याकडे व्हॉईस रेकॉर्डर देऊन पंचाबरोबर, म्हणजे तटस्थ साक्षीदाराबरोबर, पाठवलं असणार, तो पुन्हा मागतो का ते बघायला, त्याचा लाच मागणी पडताळणी पंचनामा असतो. माझ्या मते अख्ख्या फाइलमधला सगळ्यात किमती कागद हाच, सापळ्याच्या पंचनाम्यापेक्षाही. सापळ्याच्या वेळी माणूस फार बोलत नाही, 'आणलं का', 'ठेव तिथं' एवढंच. पडताळणीच्या वेळी मात्र घासाघीस होते, आकडा तोंडातून निघतो, 'सर्कल साहेबांचं (म्हणजे मंडळ अधिकाऱ्याचं) पण बघावं लागतं' असली वाक्यं येतात. माझी एक केस होती, त्यात सापळ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त 'ते आणलं का' एवढंच होतं आणि पडताळणी अर्धवट झालेली. बचाव पक्षाने 'ते' म्हणजे मृत्यूचा दाखला असं सांगितलं, आणि दाखला खरंच त्या दिवशी द्यायचा राहिलेला होता. सुटला.

रेकॉर्डिंग आहे म्हणजे पुरावा आहे असंही नाही. मूळ रेकॉर्डर किंवा मेमरी कार्ड कोर्टात आलं नाही आणि नुसती सीडी आली तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्याचं ६५ब, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३. हे प्रमाणपत्र लागतं की नाही यावर बरीच वर्षं घोळ होता आणि तो मिटला आपल्याच जालन्याच्या केसमध्ये, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, खोतकरांनी २०१४ च्या विधानसभेला २९६ मतांनी निवडणूक जिंकलेली आणि उमेदवारी अर्ज वेळेत भरला का यावर ऑफिसातल्या व्हिडिओची भानगड, १४ जुलै २०२० चा निकाल. आता कोण कुठल्या निवडणुकीसाठी भांडतं आणि त्याचा उपयोग तलाठ्याच्या केसमध्ये होतो, कायद्यात हे असंच चालतं. शिवाय आवाजाचा नमुना घेऊन तो आरोपीचाच आहे असा प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागतो. नमुना द्यायला आरोपी नाही म्हणाला तर मॅजिस्ट्रेट आदेश देऊ शकतो, हे २०१९ च्या रितेश सिन्हा केसपासून पक्कं आहे. तुमच्या केसमध्ये हे सगळं झालंय का ते दोषारोपपत्रात दिसेल, सरकारी वकिलांना विचारा, ते सांगतील.

दुसरा आधार म्हणजे पंच नंबर एक, जो तुमच्याबरोबर नातेवाईक बनून आत गेला. हे पंच दुसऱ्या सरकारी खात्यातले कर्मचारी असतात. चांगला पंच असेल तर केस उभी राहते. पण कधीकधी आरोपी पंचाला म्हणतो 'तुम्ही बाहेर थांबा', तो बिचारा व्हरांड्यात नोटीस बोर्ड वाचत उभा राहतो आणि आतलं त्याला काही ऐकू येत नाही. कोर्टात तो खरं तेच सांगतो, मी दाराबाहेर होतो. मग पुन्हा सगळं तुमच्यावर. तुमच्या वेळी पंच आत होता की बाहेर, हे आठवून ठेवा, कारण हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच, आणि तो बाहेर असेल तर बाहेरच होता म्हणून सांगा. केस वाचवायला त्याला आत आणायला जाऊ नका, त्याची साक्ष वेगळी आली की तुमचं खरं बोलणंही खोटं ठरतं.

आता त्या २ हजारांबद्दल, जे तुम्ही प्रश्नात अगदी शेवटी कंसात लिहिलंय आणि माझ्या मते झोप त्यानेच उडालीये. याच कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे, कलम ८. त्यात दोन सुटका आहेत. तपास यंत्रणेला आधी कळवून मग त्यांच्या मदतीसाठी पैसे दिले तर गुन्हा नाही, म्हणजे सापळ्यातले ६ हजार पूर्ण सुरक्षित. आणि जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर दिल्यापासून ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे. तर तुमचे २ हजार कधी दिले आणि तक्रार कधी दिली हे तारखा बघून कळेल. सात दिवसांच्या आत असेल तर विषयच संपला. जास्त झाले असतील तर कागदावर धोका आहे हे मी नाकारत नाही, पण स्वतःहून येऊन सगळं सांगितलेल्या तक्रारदारावर अशा पहिल्या हप्त्यासाठी केस केलेली माझ्या पाहण्यात नाही. एखाद्या स्थानिक वकिलाला तारखा दाखवून घ्या. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, तक्रारीत २ हजारांचा उल्लेख असेल आणि कोर्टात 'आठवत नाही' म्हणाल तर ते कुणालाच पटणार नाही आणि समोरचा वकील त्याच एका वाक्यावर तुम्हाला दिवसभर उभं करेल.

'मिटवून टाका' म्हणणाऱ्यांना सांगा की हे तुमच्या हातात नाहीये. केस तुमची विरुद्ध तलाठी अशी नाही, सरकार विरुद्ध तलाठी अशी आहे, एफआयआरसुद्धा सापळ्यानंतर त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला सरकारतर्फे दाखल होतो. हा गुन्हा तडजोडीचा नाही, आणि हायकोर्टात जाऊन समझोत्याने रद्द करून घेऊ म्हणणाऱ्यांना ग्यानसिंग केसचा २०१२ चा निकाल दाखवा, भ्रष्टाचाराचे गुन्हे समझोत्यावर रद्द करायचे नाहीत असं त्यात आहे. म्हणजे 'मिटवणं' याचा अर्थ एकच उरतो, तुम्ही कोर्टात खोटं बोलायचं. फितूर झालात की सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने तुमचीच उलटतपासणी घेतात, मी घेतलीये, सुखाचं काम नसतं ते कुणासाठीच, ज्या माणसाला मी तीन वर्षं चहा पाजला त्याला मला विचारावं लागतं की तुम्ही आरोपीकडून किती घेतले. न्यायालयात खोटी साक्ष देण्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रत्यक्षात दर वेळी कारवाई होते का, नाही होत, उगाच घाबरवत नाही. पण तुमचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर झालेला असेल (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं जुनं कलम १६४, आता १८३) तर परिस्थिती जरा वेगळी, कारण मग शपथेवर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यात असं दिसतं.

आणि कुणी धमकी देत असेल, नुसता आग्रह नाही, खरंच धमकी, तर ती तोंडी हवालदाराला सांगून सोडू नका. कोर्टात लेखी अर्ज द्या, प्रत तपासी अधिकाऱ्याला. साक्षीदाराच्या संरक्षणाची कायद्यात सोय आहे आणि आरोपी जामिनावर असेल तर साक्षीदारावर दबाव हे जामीन रद्द करायचं कारण असतं. माझा अनुभव असा की असा एक अर्ज गेला की ओट्यावरची वर्दळ आठवड्यात कमी होते.

तो परत कामावर कसा आला, यात तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की कर्मचारी निलंबित मानला जातो, पण निलंबन ही शिक्षा नसते, ठरावीक काळाने त्याचा आढावा होतो आणि केस लांबली की परत घेतात, शक्यतो अकार्यकारी पदावर. घरी बसवून निर्वाहभत्ता देण्यापेक्षा काम करून घ्या असा हिशेब असतो. दोषी ठरला तर मात्र राज्यघटनेच्या ३११ कलमाप्रमाणे वेगळ्या खातेनिहाय चौकशीशिवायही बडतर्फ करता येतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात खटला दोन वर्षांत संपवायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, कलम ४ मध्ये. माझी एक केस सापळ्यापासून निकालापर्यंत नऊ वर्षं चालली, तेवढ्यात आरोपी रिटायर झाला, तक्रारदाराचा मुलगा स्वतः सरकारी नोकरीला लागला.

एक जागा अजून आहे जिथे केस पडते आणि ती तुमच्या हातात अजिबात नाही, ती म्हणजे मंजुरी. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढायचा अधिकार ज्याला आहे त्याने खटल्याला आधी मंजुरी द्यावी लागते, तलाठ्याच्या बाबतीत साधारण प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. अँटीकरप्शनकडून मसुदा येतो, साहेब सही करतात, आणि मग कोर्टात विचारलं जातं 'फाइल वाचली होती का, रेकॉर्डिंग ऐकलं का, कुठल्या तारखेला'. एका साहेबांनी माझ्या केसमध्ये शांतपणे सांगितलं की मसुद्यात फक्त तारीख भरली. त्या दिवशी मी दुपारचा डबा परत नेला. तरी महेश जैन केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मंजुरीच्या आदेशाकडे फार किचकट तांत्रिक नजरेने बघू नका, त्यामुळे प्रत्येक त्रुटीने केस पडत नाही. तुम्ही यावर डोकं शिणवू नका.

तुमच्या हातात आहे ती साक्ष. तारखेच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटा आणि तुमची तक्रार एकदा नीट वाचा, तीन वर्षांत माणूस स्वतःच्या लग्नाची वेळ विसरतो. समोरून विचारतील, 'काल वाचून आलात ना?' तर हो म्हणा, त्यात काही गैर नाही, 'नाही' म्हणालात तर ते खोटं असेल आणि तेच त्यांना हवं असतं. पैसे कसे मागितले ते त्याच्याच शब्दात सांगा. 'त्यांनी लाचेची मागणी केली' हे पंचनाम्याचं मराठी आहे, असं कुणी तलाठी बोलत नाही. तो 'आठ लागतील' म्हणाला असेल तर 'आठ लागतील' म्हणाला असंच सांगा, मग सरकारी वकील विचारतील आठ म्हणजे काय, तेव्हा सांगा. माझ्या एका तक्रारदार आजी होत्या, त्यांनी कोर्टात सांगितलं, 'तो म्हणला मावशे, चहापाण्याचं बघा की, मी म्हणलं चहा किती रुपयाचा, तो म्हणला पाच हजाराचा.' त्या वाक्यानंतर बचाव पक्षाच्या वकिलाने दोन तास घालवले पण त्या बाईला कुणी हलवू शकलं नाही, कारण ते वाक्य शिकवलेलं नव्हतं.

पैसे देताना कुठल्या हाताने घेतले, कुठल्या खिशात ठेवले, इशारा काय ठरला होता, डोक्यावरून हात फिरवायचा की रुमालाने तोंड पुसायचं, हे विचारतील. जे आठवत नाही त्याला आठवत नाही म्हणायचं, पण मागणीबद्दल, रकमेबद्दल आणि कामाबद्दल 'आठवत नाही' चालणार नाही. पैसे त्याने स्वतः न घेता त्याच्या झिरो तलाठ्याने, म्हणजे खाजगी मदतनिसाने घेतले असतील तर तेही तसंच सांगा, कायद्याने दुसऱ्यामार्फत घेतले तरी फरक पडत नाही, फक्त 'याच्याकडे दे' हे तलाठी म्हणाला का ते महत्त्वाचं. आणि तुमचं त्याच्याशी आधी बांधावरून, अतिक्रमणावरून, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनवरून काही वाजलेलं असेल तर आजच सरकारी वकिलांना सांगा. समोरच्याला ते माहीत असणारच, फक्त आमच्याच माणसाला माहीत नसतं आणि कोर्टात आम्ही तोंड बघत बसतो.

६ हजारांचं विचारलंय तर त्या नोटा मुद्देमाल आहेत, निकालापर्यंत त्या मिळणार नाहीत, पण तेवढी रक्कम विभाग सरकारी निधीतून तक्रारदाराला परत देतो. अजून मिळाली नसेल तर ज्या युनिटने सापळा लावला तिथे लेखी अर्ज करा, नाहीतर अँटीकरप्शनच्या १०६४ या हेल्पलाइनवर फोन करून त्या युनिटचा नंबर घ्या.

आणि वारस नोंदीचं शेवटी काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीये. फेरफार, म्हणजे ती नोंद, मंजूर झाला असेल तर त्याची नक्कल काढून साक्षीला येताना बरोबर आणा, कारण पहिला बचाव हाच येणार की नोंद तर सापळ्याच्या आधीच धरली होती, मंजूर करायचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याचा, मग मी पैसे कशाला मागू. नोंद कुठल्या तारखेला धरली, नोटीस कधी काढली आणि मंजूर कधी झाली, या तीन तारखा एका कागदावर लिहून सरकारी वकिलांच्या हातात द्या. नोंद अजूनही झाली नसेल तर मला परत लिहा, तो अर्ज कसा करायचा ते वेगळं सांगते.